पिवळ्या दोऱ्याची बोंडं

९ ऑगस्ट, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं
पंप तीनदा धुऊन उन्हात पालथा घातला आहे. तो निथळेपर्यंत लिहितो.

ताई,

पायाचं आधी कळव. निघताना ट्रकच्या फळीवरून तू पडलीस, तेव्हापासून तुझ्या टोळीतल्या बायका रोज मलाच विचारतात, जणू प्लास्टर मी घातलंय. इथे मोबाइलला रेंज नाही. मॅनेजरच्या खोलीतल्या फोनवर बोललं की अख्खं गोदाम कान लावून बसतं. म्हणून पत्रच बरं. दूधगाडीवाला पोस्टात टाकेल.

काम तू सांगून दिलंस तसंच चाललंय. दुपारी कपाशीच्या मादी ओळींतल्या कळ्या सोलतात, आतले पराग असलेले तंतू नखाने काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आपापल्या बाजूच्या नर ओळींतलं उमललेलं फूल आणून त्या कळ्यांवर घासतात. यंदा एक गोष्ट नवी आहे. घासून झालं की देठाला आपापल्या रंगाचा दोरा बांधायचा. मजुरी धरलेल्या बोंडांवर आहे ना, मग कुणाचं बोंड धरलं आणि कुणाचं गळलं ते दोऱ्यावरून कळेल, असं मॅनेजर म्हणतो. टोळीतल्या मोठ्या काकूंचा हिरवा. तुझ्या नणंदेच्या भिंगरीला गोदामातला एकही रंग पसंत पडला नाही. तिने दूधगाडीवाल्याकडून स्वतःच्या पैशाने पिवळं रीळ मागवलं, अठराला. मी म्हटलं, "फुकटचा पांढरा आहे की." तर म्हणाली, "पांढरा कापसात हरवेल. माझं काम लांबून ओळखू आलं पाहिजे." सगळ्यांत वेगवान तीच, म्हणून तिला विहिरीकडची टोकाची बाजू दिली आहे. दोन जणींचं काम एकटी करते, वर गाणं म्हणते, आणि गाण्याचे शब्द चुकीचे म्हणते.

माझ्याकडे आता फवारणी आली आहे. नर ओळींत गवत गुडघ्याला लागलंय आणि बियाण्याच्या कंपनीचा तपासनीस येणार आहे. नराचं वाण तणनाशक सोसणारं आहे. थेट झाडावरून मारलं तरी गवत जळतं, कपाशी राहते. मादीचं वाण साधं, तिथे खुरपंच. मी मॅनेजरला म्हटलं की डब्यावर 'चार पानांपर्यंतच फवारावे' असं लिहिलंय, आणि इथे तर फुलं लागली. तो म्हणाला, "मास्तर, डबा मारायला दिलाय, वाचायला नाही. एक झाड मेलं तर माझं नाव बदल." विहिरीकडच्या नर ओळी मारून चार दिवस झाले. गवत पिवळं पडतंय. कपाशीच्या पानाला ढिम्म काही नाही, उलट चकाकतंय. मी उगाच घाबरलो होतो.

तुझा
मास्तर


१५ ऑगस्ट

मास्तर,

पाय लाकडाचा झालाय, खाज मात्र जिवंत माणसाची. भाऊजी तुझे दोन वेळचा स्वयंपाक करतात आणि चार वेळा ऐकवतात.

पत्र पोचलं. माझ्या पायाला दोन ओळी, मॅनेजरला चार, आणि भिंगरीच्या दोऱ्याला नि गाण्याला अर्धं पान. मी काही बोलत नाही. पाय बरा झाला की बोलू.

पण एक ऐक. जलद हात हलगर्जी होतो. तिची आई अशीच होती, गेली बिचारी, पण भाकरी भाजायची तर एक बाजू कच्ची. नखाने तंतू काढताना मधली दांडी दुखावली की बोंड गेलं. ओल्या हाताने घासलं तरी गेलं. तिच्याकडे बघत बसू नकोस, तिच्या हाताकडे बघ.

सात घरांत जाऊन मी शब्द दिलाय की हंगामाचे पूर्ण पैसे येतील. मी तिथे नाही. माझे डोळे तू आहेस, आणि तुझे डोळे कुठे असतात ते मला माहीत आहे.

ताई


२७ ऑगस्ट, दुपारी सव्वाबारा
बायका सावलीत जेवायला बसल्या आहेत. मी गोदामामागे पोत्यावर.

ताई,

वाईट बातमी आहे. बोंडं गळतायत. वाटाण्याएवढी होतात, सुकतात आणि दोऱ्यासकट खाली. मॅनेजरने पाहिलं आणि सगळ्यांना रांगेत उभं करून हात पुढे करायला लावले, शाळेत नखं बघतात तसे. म्हणाला, "औषध नीट, खत नीट, पाणी नीट. उरले तुमचे हात. अशीच गळ राहिली तर अख्खी टोळी गाडीत बसवतो, मजुरी विसरा." काकू म्हणाल्या, "हात आमचे वीस वर्षं हेच आहेत, साहेब." तो म्हणाला, "म्हणूनच थकलेत."

मला झोप लागली नाही. तू मला डोळे म्हणालीस, म्हणून तीन दिवस सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ओळींत खाली पडलेली बोंडं वेचली आणि रंगाप्रमाणे वेगळी केली. ताई, चूक होऊ नये म्हणून पुन्हा मोजली. हिरवे, निळे, लाल दोरे मूठभर. पिवळे टोपलंभर. तिची बोंडं जवळजवळ एकही धरत नाहीत.

मी तिला विचारलं. हसली आधी. मग म्हणाली, "माझे हात बघ ना." मी बघितले. कोरडे होते. नखं कापलेली होती. पण एरवी ती कशी करते ते मला काय दिसतं?

मॅनेजरला मी काही सांगितलेलं नाही. टोपलं पोत्याखाली झाकून ठेवलंय. तू सांगशील तसं करतो. लवकर कळव, कारण तो शनिवारी गाडी बोलावणार म्हणतो.

मास्तर


३० ऑगस्ट

मास्तर,

हे पत्र दूधगाडीवाल्याच्या भावाच्या हातून पाठवते आहे, पोस्टाची वाट बघायला वेळ नाही.

टोपलं मॅनेजरसमोर ठेव. दोरे दाखव. सात जणींचं काम चांगलं आहे हे त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. एकीपायी सात घरांची चूल विझवायची का? माझ्याच घरातली पोर आहे म्हणून मी तिला पाठीशी घातलं असं कुणी म्हणायला नको. उलट माझ्याच घरातली आहे म्हणून आधी तिलाच काढते, मग मला सातही दारांत मान वर करून जाता येईल.

तिला इकडे पाठवू नकोस. मला राग आवरणार नाही. तिचा काका जिनिंग मिलमध्ये आहे, त्याच्याकडे जाऊ दे. तिथे कापूस यंत्रात ढकलायचा असतो. त्याला नाजूक हात लागत नाहीत.

तुला जड जाईल, कळतंय मला. पण तूच मोजलंस ना? तुझी मोजणी चुकत नाही.

ताई


६ सप्टेंबर, संध्याकाळी पावणेसात
जेवण गेलं नाही. पंप भरून ठेवलाय उद्यासाठी.

ताई,

तू सांगितलंस तसं केलं.

मॅनेजरने टोपलं बायकांच्या पुढ्यात पालथं केलं. म्हणाला, "हे बघा तुमचं पिवळं सोनं." भिंगरी खाली बसली आणि एकेक बोंड उचलून उलटंसुलटं करून बघायला लागली. मग म्हणाली, "मी नीट घासलंय. माझ्या बाजूच्या फुलांतून भुकटीच पडत नाही. आधी बोटाला लागायची, आता लागत नाही. कुणीही घासून बघा." मॅनेजर म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं!" बायका हसल्या. काकूही हसल्या. सुटल्याचं हसू होतं ते, मला तसं वाटलं. मग ती माझ्याकडे वळली, म्हणाली, "मास्तर, तू तरी बघ." हातात एक फूल होतं तिच्या. आता ती सबबच सांगणार, दुसरं काय सांगेल, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "दोरे खोटं बोलत नाहीत." फूल तिने खाली टाकलं नाही, बांधावर नीट ठेवलं.

तिची मजुरी अडकवून ठेवली आहे. दोऱ्याचं रीळ गोदामात जमा झालं. गाडीत बसताना तिने सगळ्यांना हात केला, मलाही.

बाकीच्या सात जणी राहिल्या. तपासनीस येऊन गेला, विहिरीकडच्या नर ओळी स्वच्छ बघून खूश झाला. तो गाडीतून फारसा उतरलाच नाही. त्यामुळे आता उरलेल्या नर ओळीही मारायच्या आहेत. निम्म्या आज मारल्या, निम्म्या उद्या.

मी बरोबर केलं ना, ताई?

मास्तर


१२ सप्टेंबर

बरोबर केलंस. आता पुन्हा विचारू नकोस.

काकाने तिला मिलमध्ये लावलंय, दिवसपाळी. प्लास्टर काढलं, कुबडी आली. सातही घरांत जाऊन सांगून आले की पैसे येतायत.

ताई


२४ सप्टेंबर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं
बायकांचं काम थांबवलंय. मी कुंपणाजवळ उभा राहून गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो आहे. अक्षर वाईट आलं तर समजून घे.

ताई,

चार दिवसांपासून सगळेच दोरे गळतायत. हिरवे, निळे, लाल, सगळे. काकूंचे सुद्धा. भिंगरी जाऊन अडीच आठवडे झाले, आणि आता सातही जणींचे हात एकाच वेळी वाईट झाले?

आज सकाळी तिचं बोलणं डोक्यात आलं. नर ओळीतलं फूल तोडलं आणि छत्रीच्या काळ्या कापडावर घासलं. काही नाही. दुसरं, तिसरं, दहावं. कापड कोरं. फूल बाहेरून गुबगुबीत, पाकळ्या चांगल्या, पण आत मधली दांडी एकटीच लांब वर आलेली आणि भोवतीचे तंतू बुटके, बंद मिटलेले. मग कुंपणाजवळच्या ओळीत गेलो. तिथे त्या दिवशी पंपातलं औषध संपलं होतं, ती ओळ मारायची राहून गेली. गवत तसंच आहे. तिथलं एक फूल घासलं. ताई, कापडावर पिवळा पट्टा उठला, हळदीचं बोट फिरवावं तसा.

तणनाशकाने झाड मरत नाही. पानाला काही होत नाही. पण इतक्या उशिरा मारलं की फुलातला पराग मरतो. बाहेरून सगळं हिरवंगार. म्हणून डब्यावर चार पानांचं लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

विहिरीकडच्या ओळी मी आधी मारल्या आणि तीच बाजू तिची होती. ती बिचारी सगळ्यांत जास्त काम करत होती, म्हणून सगळ्यांत जास्त पिवळे दोरे गळले. मी रंग मोजले. फूल कुठल्या ओळीतून आणलं ते मोजलं नाही.

मी छत्री घेऊन मॅनेजरकडे गेलो. त्याने कापडाकडे बघितलंच नाही. म्हणाला, "झाडं उभी आहेत ना?"
"उभी आहेत, पण वांझ आहेत."
"मग? पंपाचा दांडा कुणाच्या हातात होता?"
"तुम्ही सांगितलं म्हणून मारलं."
"मी सांगितलं ते कुणी ऐकलं? मारताना मात्र सगळ्यांनी तुला पाहिलंय. जा, छत्री वाळत घाल."

तू आजच्या आज भिंगरीला निरोप धाड. सांग, तिचे हात चांगले होते. मिलमधून काढून घरी आण. तपासनीस सात तारखेला पुन्हा येणार आहे, मी त्याच्यासमोर बोलणार. मजुरी तर तिची आहेच, पण आधी तिचं नाव सुटलं पाहिजे. तेवढं लवकर कर, ताई.

मास्तर


१ ऑक्टोबर

मास्तर,

तुझं पत्र काल मिळालं. ते मी दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं.

बावीस तारखेची गोष्ट आहे. यंत्राच्या तोंडाशी कापूस अडकला, तो मोकळा करायला तिने हात घातला. तिथे सगळे तसंच करतात म्हणे, यंत्र बंद केलं तर मुकादम ओरडतो. उजव्या हाताची अंगठ्याशेजारची तीन बोटं गेली. काकाने मला कळवलं ते सहा दिवसांनी. तिनेच सांगितलं होतं त्याला, मामीला कळवू नका, ती म्हणेल हलगर्जीपणा केला असेल.

हे वाक्य मी तुला लिहिते आहे कारण मला ते एकटीला पेलवत नाही.

मी कुबडी टेकत तिच्या खाटेपाशी गेले आणि तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. सगळं, छत्रीपर्यंत. तिने शांतपणे ऐकलं. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. मी शिव्या खायला तयार होऊन गेले होते. तर म्हणाली, "मामी, मास्तरला सांग, तो त्या दिवशी माझ्यासमोरच फूल घासून बघू शकला असता." एवढंच. मग पाणी मागितलं. पेला नेहमीच्या हाताने घ्यायला गेली.

तुला दोष देत नाही मी. तू डोळे होतास, निकाल माझा होता. तिची आई मेल्यावर मी तिला आणली ती आपली म्हणून, आणि पहिल्या टोपल्याला परकी केली. सातही दारांत मी मान वर करून गेले होते. आता घरातल्या दारातून आत जाताना मान खाली जाते.

तुझ्या भाऊजींच्याच बहिणीची पोर. दोन दिवस ते चहा करून माझ्यासमोर ठेवतात आणि उठून जातात. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तू तपासनिसासमोर बोल. नोकरी गेली तर जाऊ दे.

ताई


९ ऑक्टोबर, सकाळी सव्वाआठ
पंप धुऊन गोदामात जमा केला. ट्रंक बांधली आहे. गाडी साडेनऊला.

ताई,

बोललो.

तपासनीस आला तेव्हा मी दोन फुलं आणि छत्री घेऊन त्याच्या गाडीच्या दारातच उभा राहिलो. सात बायका मागे होत्या. काकूंनी मला हळूच म्हटलं होतं, "तू अडखळलास तर मी बोलेन, पण मागे फिरू नको." मी दोन्ही फुलं कापडावर घासली. मला वाटलं होतं त्याला धक्का बसेल. त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "फुलावर आल्यावर मारलंत होय? मग पराग मरणारच. या वाणाचं झाड औषध सोसतं, फूल सोसत नाही. डब्यावर छापलेलंच असतं की." असं म्हणाला, जणू पाऊस पडला तर भिजायला होतं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट होती ती, ताई. फक्त आमच्यातल्या ज्यांनी ती वाचली, त्यांनी ती धरून ठेवली नाही.

मी म्हटलं, "मग एवढं मोठ्याने सांगा की दोष हातांचा नव्हता."
तो म्हणाला, "कुणाच्या हातांचा?"
"पिवळ्या दोऱ्याच्या."
त्याला काही कळलं नाही, पण घाई होती म्हणून म्हणाला, "हातांचा दोष नव्हता, झालं?" बायकांनी ऐकलं. काकू खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "आपण हसलो होतो गं त्या दिवशी."

फवारणीनंतरची सगळी बोंडं कंपनीने नाकारली. आधीची धरलेली आहेत त्यांचेच पैसे. मॅनेजर आपल्या जागेवर आहे. त्याने लिहून दिलं की पंपवाल्याने न विचारता औषध मारलं. माझी महिन्याची मजुरी कापली आणि मला काढलं. सात जणी उद्याच्या गाडीने निघतील. तुझ्या दारात येतील. त्यांना खरं ते सांग. मी त्यांना सांगितलं आहे.

एक गोष्ट मी तुला आधीच्या पत्रात नीट लिहिली नव्हती. रीळ 'जमा झालं' असं लिहिलं होतं. ते असं झालं नव्हतं. गाडीत बसताना मॅनेजरने ते तिच्या हातातून काढून घेतलं, म्हणाला गोदामाचा माल आहे. ती म्हणाली, "माझं आहे, विचारा मास्तरला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला माहीत होतं. मी पंपाची नळी बसवत राहिलो. तरीही जाताना तिने मला हात केला. तो उजवा होता.

मी घरी येत नाही. काकू त्यांच्या ओळखीच्या विटांच्या कामावर चिठ्ठी देतायत, तिकडे जातो. तिने बोलावलं तर कळव. नाही बोलावलं तरी दर महिन्याला पैसे येतील. तिच्या हातात दे, काकाच्या नको.

हिशोब खाली लिहितो, तपासून बघ.

झालेला खर्च:
पोस्ट, आणि दूधगाडीवाला ... ६५
दवाखान्यासाठी तुझ्याकडे पाठवले (माझी शिल्लक, सगळी) ... ३,४००
आजचं गाडीभाडं ... ११०

येणे:
सात जणींची मजुरी, फवारणीआधीच्या बोंडांची ... मिळाली, काकूंकडे आहे
माझी महिन्याची मजुरी ... २,६००, मिळणार नाही

देणे:
सात जणींना, या हंगामाच्या उरलेल्या पैशांपोटी ... तुझा शब्द होता, निम्मा माझा धर. आकडा तू घाल.
भिंगरीला, अडकवून ठेवलेली मजुरी ... ९४०. तपासनिसासमोर मागून घेतली, काकूंच्या हाती पाठवतो.
भिंगरीला, पिवळ्या दोऱ्याचं रीळ ... १८. काल गोदामातून उचलून आणलं, न विचारता. अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. तेही काकूंच्या पिशवीत ठेवलंय. तिला रीळ नको असेल, तर अठरा दे.